बाईंनी माझी सुटका करायचं ठरवलं

मी तो वर्ग वेळ बघून घेतला होता, विषय बघून नाही. बुधवारी दुपारी माझी अ‍ॅनाटॉमीची लॅब संपायची आणि घरी जाणारी बस यायला बराच वेळ असायचा. त्या मधल्या वेळात बसेल असा एकच विषय होता, टीव्हीसाठी लेखन. आमच्या कॉलेजात लेखनाचा एक तरी वर्ग घ्यावाच लागतो. मी रेडिओग्राफी शिकतो, म्हणजे एक्स-रे काढायला शिकतो, तरी मलाही सूट नव्हती. मला वाटलं, टीव्ही तर आपल्या घरी आहेच.

आम्ही न्यू जर्सीत, पार्सिपनीला राहतो. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. बाबा दहावीपर्यंत शिकले, आई आठवीपर्यंत. आत्याने कागदपत्रं केली म्हणून मी लहान असताना आम्ही इथे आलो. बाबा इंडियन ग्रोसरीच्या दुकानाची व्हॅन चालवतात आणि उरलेल्या वेळात शेल्फ भरतात. आई घरून पोळ्या करून देते. आमच्या कॉम्प्लेक्समधले बाकीचे जवळजवळ सगळे आयटीतले आहेत. त्यांच्याकडे मूल बालवाडीत असल्यापासून कॉलेजची चर्चा चालते. आमच्याकडे मी काय शिकावं यावर कोणी कधी काही बोललं नाही. काय काय शिकता येतं हेच कोणाला माहीत नव्हतं.

एक्स-रेचं माझं मीच ठरवलं. आई एकदा बर्फावरून घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. तेव्हा तिला इंग्रजी येत नव्हतं आणि एक्स-रे काढणाऱ्या माणसाला मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने आपला हात हळूच वळवून दाखवला, आईने तसाच वळवला, आणि तिचं कण्हणं थांबलं. मग पडद्यावर मनगटातली ती सगळी बारीक हाडं उमटली. मला वाटलं, हे काम आपल्याला आवडेल. अजूनही तसंच वाटतं. यापेक्षा मोठं काही कारण मला सांगता येत नाही.

तर तो वर्ग. शिकवायला ज्या बाई होत्या, त्यांना मी दारातून आत येतानाच ओळखलं. त्या आमच्या घरी रोज यायच्या. आईचा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा तिने हॉस्पिटलची एक मालिका बघायला सुरुवात केली होती आणि हात बरा झाल्यावरही ती सुटली नाही. खाली इंग्रजी अक्षरं लावून, पोळ्या लाटता लाटता, तिने सगळे सीझन बघितले, मग पहिल्यापासून पुन्हा बघितले. आईचं सगळं इंग्रजी त्या मालिकेतलं आहे. कुकरची शिट्टी होत नसली की ती म्हणते, “वी आर लूझिंग हिम.” मोठी ऑर्डर आली की बाबांना ओरडते, “अहो, कणीक! स्टॅट!” स्टॅट म्हणजे ताबडतोब. त्या मालिकेत मॉनिटरकडे बघून मृत्यूची वेळ सांगणारी एक डॉक्टर होती. त्याच या बाई.

बाई मूळच्या तैवानी, पण जन्म आणि सगळं लहानपण ओहायोमधलं. पहिल्याच दिवशी त्यांनी आपली सगळी कारकीर्द आम्हाला सांगितली. आपण कोणाकडून शिकतोय हे विद्यार्थ्यांना कळलं पाहिजे, असं त्या म्हणाल्या. पहिलं वर्ष त्यांनी नुसतं पळण्यात काढलं. पडद्यावर कुठे आग लागली, कुठे बंदूकवाला शिरला, की घाबरून पळणाऱ्या गर्दीत त्या असायच्या. मग त्यांना बोलायला ओळी मिळायला लागल्या. त्या नखं रंगवणाऱ्या झाल्या, ड्राय क्लीनिंगवाल्या झाल्या. एकदा इंग्रजी न येणारी साक्षीदार झाल्या. दिग्दर्शक म्हणाला, जरा मोडकं बोला. बाईंना तर ओहायोचं सरळ इंग्रजीच येत होतं. म्हणून त्यांनी आपल्या आईला फोन करून विचारलं, “ही ओळ तू कशी म्हणशील?” आई म्हणाली, “माझं इंग्रजी उत्तम आहे,” आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतर बरेच दिवस त्या सूक्ष्मदर्शकात बघत होत्या. “त्यात काहीही ठेवलेलं नसायचं,” त्या म्हणाल्या, “पण मला प्रत्येक वेळी काहीतरी भयंकर दिसायचं.” आणि मग डॉक्टर. सलग आठ वर्षं. “आठ वर्षांत मी एकाही माणसाला वाचवलं नाही. वाचवायचं काम हिरोचं. मी वेळ सांगायचे.”

गंमत म्हणजे बाईंच्या वडिलांना त्यांना खरीखुरी डॉक्टर करायचं होतं. बाईंनी मेडिकलची तयारी मध्येच सोडली तेव्हा घरात मोठं भांडण झालं आणि वडील बरीच वर्षं बोलले नाहीत. बाई मालिकेत डॉक्टर झाल्या तेव्हा वडिलांचा फोन आला. आता बाईंचा पांढऱ्या कोटातला फोटो वडिलांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय.

मालिका संपल्यावर बाई लिहायला लागल्या. बोलायची ती ओळ निदान आपली तरी असावी, असं त्यांना वाटलं. दुसऱ्यांच्या मालिकांसाठी लिहून झालं होतं आणि आता त्या स्वतःची मालिका लिहीत होत्या, ओहायोतल्या एका तैवानी कुटुंबाची. मधल्या वर्षभरासाठी आमच्या कॉलेजात आल्या, कारण कॉलेज आरोग्य विमा देतं. टीव्हीवरच्या डॉक्टरकडे दोन मालिकांच्या मधे विमा नसतो, हे मला तेव्हा कळलं.

“मला नावानेच हाक मारा,” त्या म्हणाल्या. बाकीच्या मुलांनी लगेच मारली. मला ते जमेना. शिकवणाऱ्या बाईंना नावाने कशी हाक मारायची? पण ‘प्रोफेसर’ म्हटलं की त्या हसून “प्लीज!” म्हणायच्या. शेवटी मी त्यांना काहीच म्हणेनासा झालो. काही विचारायचं असलं की टेबलासमोर जाऊन उभा राहायचो आणि त्या वर बघेपर्यंत खोकायचो. बाईंनी एकदा मला खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट दिलं.

पहिला गृहपाठ होता, घरातल्या एका प्रसंगावर दोन पानं. मी आईच्या मनगटाचं लिहिलं. दुसरं काही सुचलं नाही. बाबा बाहेर बाकावर बसून आईची एक चप्पल हातात घेऊन कसे दाराकडे बघत होते, तेही लिहिलं, कारण तसंच झालं होतं. पुढच्या आठवड्यात कागद परत आला. खाली बाईंनी लिहिलं होतं, ‘ऑफिस अवर्समध्ये मला भेट.’

मी फार घाबरलो. ऑफिस अवर्स ही पाटी मी कॉलेजात प्रत्येक दारावर वाचली होती आणि माझी समजूत अशी होती, की या वेळेत प्राध्यापक ऑफिसचं काम करतात, तेव्हा त्यांना त्रास देऊ नये. म्हणून त्या वेळेत मी त्या मजल्यावरून चालतानासुद्धा पावलांचा आवाज करत नसे. खात्री करायला मी शेजारच्या काकांना विचारलं. काका नागपूरचे, मोठ्या कंपनीत मॅनेजर आहेत.

“ऑफिस अवर्स म्हणजे नाइन टू फाइव्ह बे,” काका म्हणाले. “आमचे तर सेव्हन टू सेव्हन झालेत, यार. का रे?”

“बाईंनी ऑफिसात बोलावलंय.”

“कॉपी-बिपी केली का?”

“नाही हो काका.”

“मग काय माहीत. तू आधी सॉरी म्हणून टाक, मग ऐक.”

घरी सांगितल्यावर बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांच्या शाळेत हेडमास्तरांनी ऑफिसात बोलावलं, तर एकच अर्थ असायचा, पालकांना घेऊन या. “मी येतो,” ते म्हणाले. मी म्हणालो, इथे तसं नसतं बहुतेक. “तुला नक्की माहीत आहे?” त्यांनी विचारलं. मला नक्की माहीत नव्हतं. बाबांनी दुकानातून सुट्टी घेतली आणि लग्नकार्यात घालायचा शर्ट इस्त्री केला. आई म्हणाली, ती डॉक्टरीण असेल तर मीही येणार, आणि असं रिकाम्या हाताने जायचं नाही. तिने डबाभर कोथिंबीर वड्या तळल्या.

बाईंच्या दाराबाहेर तीन-चार मुलं रांगेत होती. सगळी एकेकटी, हातात कॉफी. आम्ही तिघं त्यांच्यामागे उभे राहिलो. वड्यांचा वास आख्ख्या मजल्यावर पसरला. आमची पाळी आल्यावर बाईंनी वर बघितलं, आधी मी दिसलो, मग बाबा, मग आई, आणि त्यांचा चेहरा बदलला. तो चेहरा मला ओळखीचा होता. मालिकेत नातेवाइकांशी बोलायची वेळ आली की त्या असाच करायच्या.

“सॉरी,” मी आधी म्हणून टाकलं.

“तू का सॉरी म्हणतोस?” बाई हळुवारपणे म्हणाल्या. “बसा तुम्ही सगळे.” खुर्च्या दोनच होत्या. बाबा उभे राहिले.

मग बाईंनी आईबाबांकडे बघून बोलायला सुरुवात केली. बाबांना व्हॅन चालवण्यापुरतं इंग्रजी येतं आणि आईला ऑपरेशनपुरतं, म्हणून भाषांतर माझ्याकडे आलं.

“तुम्ही किती कष्ट करून इथवर आलात, हे मला कळतं,” बाई म्हणाल्या. “माझे आईवडीलही तसेच. पण तुमच्या मुलाला लिहिता येतं. त्याच्यावर डॉक्टर होण्याची सक्ती करू नका.”

“काय म्हणतायत?” बाबांनी विचारलं.

“म्हणतायत की... सक्ती करू नका.”

“कसली?”

“मला डॉक्टर करायची.”

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. “तू डॉक्टर होणार होतास? आम्हाला बोलला नाहीस ते.”

“नाही हो बाबा, मी एक्स-रेच...”

“वडील काय म्हणाले?” बाईंनी विचारलं.

“ते म्हणाले, त्यांना हे माहीत नव्हतं.”

बाईंनी गंभीरपणे मान हलवली. “कोणालाच माहीत नसतं. माझ्याही वडिलांना नव्हतं.”

इतक्यात आईने डबा उघडून पुढे केला आणि स्वतःच्या इंग्रजीत विचारलं, “डॉक्टर, सीझन सिक्स, व्हाय यू नॉट सेव्ह दॅट बॉय?” बाई म्हणाल्या, विद्यार्थ्यांच्या घरून भेटवस्तू घेता येत नाहीत. आईने त्यांच्या हातात वडी ठेवली. बाईंनी ती खाल्ली. मग दुसरी. तिसरी खाता खाता त्यांनी मला बोलावण्याचं कारण सांगितलं. लॉस एंजेलिसला त्यांच्या ओळखीच्या एका लेखकाची मालिका सुरू होती. उन्हाळ्यात तिथे लेखकांच्या खोलीत, म्हणजे सगळे मिळून मालिका लिहितात तिथे, बसून शिकायला ते एक विद्यार्थी घेणार होते. कॉलेजातून एक नाव पाठवायचं होतं. “मी तुझं पाठवते,” बाई म्हणाल्या.

आता इथे मला ‘नको’ म्हणायचं होतं. उन्हाळ्यात आमच्या गावाजवळच्या हॉस्पिटलमध्ये एक्स-रे विभागात ट्रेनिंगच्या थोड्याच जागा होत्या आणि त्यातली एक मला मिळाली होती. ती सोडली असती तर यादीतल्या पुढच्या मुलीला गेली असती. मला ती हवी होती. पण समोर शिकवणाऱ्या बाई, त्यांच्या डोळ्यांत पाणी, हातात आईची वडी. मी आयुष्यात कुठल्याही शिक्षकाला नाही म्हटलेलं नव्हतं.

“बघतो,” मी म्हणालो. इंग्रजीत म्हणालो, पण मनात मराठीच होतं. आमच्याकडे कोणी ‘बघतो’ म्हटलं, की समोरचा समजून घेतो आणि विषय सोडतो. बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला.

त्यानंतरचे आठवडे विचित्र गेले. मी बाईंना एक ईमेल लिहिलं. एकदम नाही कसं म्हणायचं, म्हणून आधी आभार मानले. मग आणखी आभार मानले. ईमेल लांबलं, आणि शेवटच्या परिच्छेदात ‘तथापि’ लिहून मी थांबलो, कारण त्यापुढचं वाक्य फार उद्धट वाटत होतं. तो परिच्छेद काढून टाकला आणि बाकीचं पाठवलं. बाईंचं उत्तर लगेच आलं, “यू आर सो वेलकम!”

मग प्रत्यक्ष सांगायला गेलो, टेबलासमोर उभा राहून खोकलो. बाईंनी मला बसवून आपल्या मालिकेचा प्रसंग वाचून दाखवला. त्यात मुलगी घरी सांगते की मला नटी व्हायचंय, आणि आई तिला चपलेने मारते. मालिका काढणाऱ्या कंपनीच्या लोकांना ते आवडलं होतं. चप्पल अजून मोठी करा, असं त्यांनी सुचवलं होतं. त्यांनी असंही विचारलं होतं, की नायिका शेवटी डॉक्टरच झाली तर चालेल का. बाई वैतागल्या होत्या. “तुला काय वाटतं?” त्यांनी विचारलं.

मला वाटलं ते मी भीत भीत सांगितलं. “तुमच्या आईने खरंच चप्पल मारली होती?”

“नाही. तिने सफरचंद कापून दिलं आणि म्हणाली, वडिलांना मी सांगते.”

“मग ते का नाही लिहीत?”

बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, “बघ! म्हणूनच तुला पाठवायचंय.” म्हणजे मी आणखी खोलात गेलो.

घरी परिस्थिती याहून वाईट होती. आमच्या घरात मला अडवायला कोणीच तयार नव्हतं. रोज जेवताना बाबा खाली बघून म्हणायचे, “तुला जायचं असेल तर जा बाबा. आम्ही मध्ये येणार नाही.”

“मला नाही जायचं, बाबा.”

“आमच्यासाठी नको म्हणू नकोस. बाईंनी सांगितलंय ना, सक्ती करू नका.”

“अहो, मला खरंच एक्स-रे आवडतो.”

“हो, हो,” आई पोळी वाढत म्हणायची. “किती समजूतदार आहे पोर.”

आणि शेजारी बातमी पसरली होती. ज्या काकू मला आत्तापर्यंत “ते एक्स-रेचं करतोयस ना अजून?” असं जरा कीव केल्यासारखं विचारायच्या, त्या लिफ्टमध्ये इतरांना सांगायला लागल्या, “हा आमच्या शेजारचा. हॉलिवूडला चाललाय!” काकांचा मुलगा कॉम्प्युटर इंजिनियर, स्वतःच्या खोलीत गिटार वाजवतो. तो मला पार्किंगमध्ये गाठून म्हणाला, “ड्यूड, टेक मी विथ यू.” सगळ्यांना वाटत होतं की माझी सुटका होतेय. मी कुठे अडकलो होतो, हे मात्र कोणी सांगत नव्हतं.

हॉस्पिटलला माझा होकार सोमवारी कळवायचा होता. बाईही नाव सोमवारीच पाठवणार होत्या. आणि आदल्या रविवारी दुपारी आईने बाईंना जेवायला बोलावलं. त्यांना भरली वांगी खायला घालायची तिची फार इच्छा होती. मी ठरवलं, जेवण झाल्यावर सांगायचंच.

बाई आल्या, त्यांच्या आईने पाठवलेले अननसाचे छोटे केक घेऊन आल्या. आईने त्यांना मसालेभात दोनदा वाढला, तिसऱ्यांदा त्यांनी ताटावर आडवा हात धरला, तर आईने बोटांच्या फटीतून वाढला. बाई म्हणाल्या, “माझी आईही असंच करते, पण ती आधी टोमणा मारते.” मी ऐकत होतो आणि मनात वाक्य जुळवत होतो. वाक्य तयार झालं, मी खोकलो, आणि दाराची बेल वाजली.

शेजारच्या काकू होत्या. हातात भलंमोठं पिवळं पाकीट. काकू गेल्या हिवाळ्यात पुण्याला गेल्या होत्या, तेव्हा तिथे काढलेला गुडघ्याचा एक्स-रे त्यात होता.

“डॉक्टर, फक्त दोन मिनिटं,” काकू इंग्रजीत म्हणाल्या. “ऑपरेशन लागेल का, एवढंच सांगा.”

“मी डॉक्टर नाही. मी अभिनय करते,” बाई म्हणाल्या.

“ते माहितीये हो! पण आठ वर्षं केलंत ना. आमच्या ह्यांनी दोन वर्षं जावा केलं, तर सीनियर झाले.”

बाई पुन्हा नाही म्हणाल्या. पण काकूंनी फिल्म बाहेर काढून त्यांच्या हातात दिली. आणि मला वाटतं, सवय वाईट असते. फिल्म हातात येताच बाईंचे खांदे सरळ झाले. त्या उठून खिडकीपाशी गेल्या, फिल्म उजेडात धरली, डोळे बारीक केले आणि मालिकेतल्या त्या आवाजात म्हणाल्या, “हे दुखणं किती दिवसांपासून आहे?”

काकूंनी छातीवर हात ठेवला. आई लाटणं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. खोलीत अशी शांतता झाली, की आता वेळ सांगतात की काय.

“उलटा आहे,” मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठून बाईंच्या हातातून फिल्म घेतली. त्या वेळी मला बाई, शिक्षक, पाहुण्या असं काही आठवलंच नाही. “हे बारीक हाड वर दिसतंय ना, ते पोटरीचं. ते खाली हवं. आणि हे डावा-उजवा सांगणारं अक्षर बघा, आरशातल्यासारखं दिसतंय, म्हणजे बाजूही उलटी धरलीय. हां, आता बरोबर. काकू, हा झोपवून काढलाय का?”

“हो रे, टेबलावर.”

“तेच. आपल्या अंगाचा भार पडल्यावर सांध्यात किती जागा उरते, ते झोपून कळत नाही. आम्हाला शिकवलंय, शक्य असेल तर उभं करून काढायचा. आणि पाय थोडा बाहेर वळलाय, बघा, वाटी मध्यावर नाहीये. तुम्हाला दुखत असेल म्हणून तुम्ही वळवला असणार. अशा वेळी काढणाऱ्याने घाई करायची नसते. पायाखाली छोटी उशी द्यायची, बोलत राहायचं, पाय सैल पडला की मग...” मी गुडघे वाकवून, स्वतःचा पाय वळवून दाखवत होतो. किती वेळ बोललो कोणास ठाऊक.

“म्हणजे ऑपरेशन लागेल की नाही?” काकूंनी विचारलं.

“ते मला नाही सांगता येणार. निदान करणं आमचं काम नाही. ते डॉक्टरांना विचारा.” काकूंनी बाईंकडे बघितलं. “खऱ्या डॉक्टरांना,” मी म्हणालो.

काकू फिल्म पाकिटात घालून जरा फुरंगटूनच गेल्या. बाई अजून खिडकीपाशी उभ्या होत्या.

“तू माझ्या वर्गात कधी एवढं बोलला नाहीस,” त्या म्हणाल्या.

मी पुन्हा नेहमीसारखा बुजरा झालो होतो. कान गरम झाले होते. पण वाक्य तयार होतं. “मला लॉस एंजेलिसला नाही जायचं,” मी म्हणालो. “मला उन्हाळ्यात हॉस्पिटलमध्ये जायचंय. एक्स-रे काढायला.”

बाईंनी सावकाश आईबाबांकडे बघितलं. “हे तुला कोणी सांगायला लावलं?”

“कोणी नाही.”

“मोठेपणी तू काय व्हावंस, असं तुझे वडील म्हणायचे? लहानपणी?”

मी बाबांना विचारलं. बाबांनी खरंच विचार केला. “मी म्हणायचो, पडशील, हळू जा,” ते म्हणाले. मी भाषांतर केलं.

बाई खुर्चीत बसल्या. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं. बहुतेक वाटलंच. एवढी वर्षं त्या ज्यापासून पळाल्या, त्याच्याकडे कोणी आपणहून चालत जाईल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नसावं. “पण मग तू भांडलास कोणाशी?” त्यांनी विचारलं. “प्रत्येकाला कोणाशी तरी भांडावं लागतं.”

“आत्ता तुमच्याशीच,” मी म्हणालो. “हे माझं पहिलंच.”

बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. हसता हसता मध्येच थांबून म्हणाल्या, “म्हणजे यात सक्ती करणारी मीच होते!” आणि पुन्हा हसल्या. आईला काही कळलं नाही, पण पाहुणी हसतेय म्हणून तीही हसली आणि तिने श्रीखंड वाढलं.

निघताना बाई दारात म्हणाल्या, की पहिल्या बाकावर बसणारी एक मुलगी आहे, तिला खरंच जायचंय आणि तिने विचारायचं धाडस केलं नाही, तिचं नाव आत्ताच कळवते. त्या खाली गेल्या. मी फोन काढून हॉस्पिटलला होकार पाठवून टाकला. सोमवारपर्यंत थांबायची हिंमत नव्हती. न जाणो, तोवर आणखी कोणी माझी सुटका करायला आलं असतं.

बाबा खिडकीच्या पट्ट्या बाजूला सारून खाली बघत होते. “गाडी हलत नाहीये त्यांची,” ते म्हणाले. “बॅटरी गेली की काय?”

“फोनवर आहेत त्या, बाबा. लॉस एंजेलिसला सांगतायत.”

“एवढा वेळ? नाही नाही, बॅटरीच असणार. थंडीत जाते.” बाबांनी जॅकेट चढवलं आणि कपाटातून जंपर केबल काढली, बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर चालू करायची असते ती.

मी खिडकीतून बघत राहिलो. बाईंनी काच खाली केली. कानाला फोन, एका हाताने त्या ‘नको, नको’ करत होत्या. बाबांनी केबल वर करून दाखवली. बाईंनी मान हलवली. बाबांनी त्याहून जोरात मान हलवली. थोड्या वेळाने बॉनेट उघडलेलं दिसलं, आणि बाई थंडीत बाहेर उभ्या राहून, चांगल्या चालू गाडीला केबल लावून घेत होत्या.